कॅसेट एकाच कानात वाजते तेव्हा

माझी देवासची आत्या फक्त उजव्या कानाने ऐकते, डावा कान तिचा लहानपणीच गेला. गेल्या गणपतीत मी इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या घरची, १९९२ सालच्या मुंजीची कॅसेट संगणकावर उतरवली आणि तिला फोनवर पाठवली. तासाभरात तिचा फोन आला. "चित्र झकास आलंय रे, पण आवाजच नाही."

मी माझ्या मोबाईलवर लावून पाहिलं. गुरुजी खणखणीत ऐकू येत होते. म्हटलं, आत्या, आवाज वाढव. ती म्हणाली, वाढवलाय, इअरफोनही लावलाय. मग मीही इअरफोन लावला, आणि सगळी मुंज, मंगलाष्टकं, मातृभोजन, भिक्षावळ, डाव्या कानात चाललेली. उजव्या कानात काही नाही. मोबाईलचा स्पीकर दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून वाजवतो, म्हणून मला आधी पत्ताच लागला नव्हता.

जुन्या कॅसेटी उतरवायला बसलेल्या बहुतेकांच्या वाट्याला हे येतंच. उपाय सोपा आहे, पण आधी दुसरा कान नेमका कुठे सांडला ते शोधावं लागतं. ते न शोधता थेट सॉफ्टवेअरमध्ये "दुरुस्ती" केली, तर पुढची प्रत्येक कॅसेट तशीच एककानी उतरते. माझ्या पहिल्या चार अशाच गेल्या.

आधी खात्री करून घ्या

दोन्ही कानांत हेडफोन घाला, डावा-उजवा न बदलता. व्हीएलसी प्लेअरमध्ये फाईल लावा आणि ऑडिओच्या मेनूत स्टिरिओ मोड उघडा. तिथे एकदा फक्त डावा चॅनल निवडा, एकदा फक्त उजवा. एका बाजूला बोलणं आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण शांतता किंवा नुसती खरखर असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

एक खबरदारी घ्या. विंडोजमध्ये आणि बहुतेक फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये "मोनो ऑडिओ" नावाचं एक बटण असतं. ते चालू असेल तर दोन्ही कानांत तोच आवाज येतो आणि दोष तुम्हाला कधीच दिसणार नाही. तपासताना ते बंद ठेवा. आत्याच्या फोनवर मात्र मी ते चालू करून दिलं. फाईल दुरुस्त होईपर्यंत तिचं काम भागलं, आणि आता ती बातम्याही तशाच ऐकते.

कॅसेटवर मुळात असतं काय

हे समजून घेतलं की निम्मा गोंधळ संपतो, म्हणून इथे थोडा वेळ थांबू या.

व्हीएचएसची, म्हणजे घरोघरच्या व्हिडिओ कॅसेटची, टेप साधारण १२.६५ मिलिमीटर रुंद. चित्र तिच्यावर तिरप्या रेघांनी लिहिलेलं असतं, आणि आवाज वरच्या कडेला एका सरळ पट्टीत. मोनो, म्हणजे एकाच चॅनलच्या, व्हीसीआरमध्ये (कॅसेट वाजवण्या-भरण्याच्या यंत्रात) ही पट्टी फक्त एक मिलिमीटरची. त्यात आपल्याकडच्या पाल या टीव्हीच्या पद्धतीत टेप सेकंदाला सुमारे २.३४ सेंटिमीटर सरकते, म्हणजे गाण्यांच्या ऑडिओ कॅसेटच्या निम्म्याहूनही थोडी कमी. म्हणून जुन्या लग्नांचा आवाज बंद डब्यातून आल्यासारखा वाटतो. त्यात तुमच्या केबलचा दोष नाही.

महत्त्वाची गोष्ट ही की घरातल्या बहुतेक कॅसेटींवर आवाजाची एकच पट्टी आहे. डावा-उजवा असं काही नाहीच. हरवलेला उजवा चॅनल शोधण्यात अर्थ नाही, तो कधी रेकॉर्ड झालेलाच नव्हता. आपल्याला एवढंच करायचंय की तो एक आवाज दोन्ही कानांत सारखा पोहोचावा.

अपवाद आहेत. १९८४ च्या सुमारास व्हीएचएसमध्ये हायफाय आलं. त्यात आवाजाचे दोन चॅनल फिरत्या ड्रमवरची वेगळी हेड चित्राच्याच भागात, पण टेपच्या अधिक खोल थरात लिहितात, आणि वर चित्र बसतं. शिवाय कडेची साधी पट्टीही असतेच. म्हणजे हायफाय कॅसेटवर आवाज दोन ठिकाणी असतो. हे लक्षात ठेवा, शेवटी याची गंमत सांगणार आहे.

मिनीडीव्हीचं, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेटचं, प्रकरण निराळं. तिच्यावर आवाज अंकांत असतो आणि दोन चॅनल खरोखर असतात. तिथे एक बाजू मुकी असेल तर बहुधा शूटिंगच्या वेळीच काहीतरी चुकलेलं असतं. नेहमीचं कारण म्हणजे मोनो पिनेचा बाहेरचा माईक कॅमेऱ्याच्या स्टिरिओ भोकात खुपसलेला. अशा कॅसेटला केबल बदलून काही फरक पडत नाही, सरळ खालच्या सॉफ्टवेअरच्या भागाकडे जा.

लाल-पांढऱ्याची अदलाबदल

आता मुख्य तपासणी. पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात.

आधी व्हीसीआरच्या मागे बघा. पिवळं भोक चित्राचं. आवाजाचं भोक एकच आहे की पांढरं-लाल अशी दोन आहेत? एकच असेल तर तपासणी इथेच संपली. तुमचं यंत्र मोनो आहे, तुम्ही पांढरी पिन त्यात लावली आणि लाल पिन मागे लोंबकळत राहिली. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत घरोघरी आलेल्या आणि भाड्याने मिळणाऱ्या व्हीसीपींपैकी (नुसत्या कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रांपैकी) बहुतेक असेच होते. माझाही तसाच निघाला. लाल पिन टेबलामागे लटकतेय हे मला आठ दिवस दिसलं नाही, आणि मी मात्र संगणकातलं ड्रायव्हर सॉफ्टवेअर बदलत बसलो होतो.

दोन भोकं असतील तर पुढचं करा. समजा, उजवी बाजू मुकी आहे.

व्हीसीआरच्या टोकाला लाल आणि पांढऱ्या पिनांची अदलाबदल करा. कॅप्चर डिव्हाइसच्या (व्हीसीआरचं चित्र-आवाज संगणकात घेणाऱ्या यूएसबीच्या डबीच्या) टोकाला हात लावू नका. कॅसेट लावा आणि ऐका. शांतता आता डावीकडे गेली असेल तर व्हीसीआरचं उजवं भोकच आवाज देत नाही. ती उजवीकडेच राहिली असेल तर व्हीसीआर निर्दोष, खोट केबलमध्ये किंवा पुढे आहे.

मग पिना पूर्ववत करा आणि अदलाबदल कॅप्चरच्या टोकाला करा. शांतता डावीकडे सरकली तर लाल वायर तुटलेली आहे, केबल बदला. सरकली नाही तर दोष कॅप्चर डिव्हाइसमध्ये किंवा संगणकाच्या सेटिंगमध्ये.

हा क्रम कागदावर लिहून समोर ठेवा. मी डोक्यात ठेवायला गेलो आणि तिसऱ्या अदलाबदलीनंतर कुठली पिन कुठे होती तेच विसरलो.

व्हीसीआरचं भोक दोषी ठरलं तरी लगेच दुरुस्तीला नेऊ नका. तीस वर्षांत या भोकांवर काळपट थर चढतो. यंत्र बंद करा, पिन घालून चारपाच वेळा गोल फिरवा, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. बरेचदा एवढ्यावर भागतं. शिवाय चांगल्या यंत्रांत ऑडिओ आउटपुटचं एक बटण किंवा मेनू असतो: डावा, उजवा, स्टिरिओ, नॉर्मल, मिक्स. ते कुणीतरी कधीतरी हलवून ठेवलेलं असतं. हेही बघा.

हँडीकॅमच्या केबलबद्दल एक इशारा. एका टोकाला ३.५ मिलिमीटरची चार पट्ट्यांची पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंग, अशी ती केबल. सगळ्या कंपन्यांनी पट्ट्यांचा क्रम एकच ठेवलेला नाही. चुकीची केबल लावली की पिवळ्यातून आवाज जातो, लाल-पांढऱ्यापैकी एकातून चित्राची घरघर येते, आणि माणूस समजतो कॅमेरा बिघडला. रंग विसरा आणि पिना आलटून पालटून लावून पहा.

तारेवरचा इलाज

मोनो व्हीसीआर असेल तर बाजारातून एक वाय जोड आणायचा. आमच्या इंदुरात जेलरोडला किंवा महाराणी रोडला जाऊन "आरसीए का वाय, एक मेल दो फीमेल" एवढं म्हटलं की काम होतं (आरसीए म्हणजे याच रंगीत पिना). मेल टोक व्हीसीआरच्या आवाजाच्या एकुलत्या एक भोकात जातं, आणि तुमच्या नेहमीच्या तीनरंगी केबलची पांढरी आणि लाल पिन दोन फीमेल टोकांत. एक आवाज दोन्हीकडे वाटला जातो. वस्तू अगदी स्वस्तातली आहे, आणि पुढे किती फायलींची दुरुस्ती वाचते ते मोजवत नाही.

दुकानदार उलटा जोड हातात ठेवू शकतो, ज्याने दोन आउटपुट एकाच इनपुटमध्ये जातात. तो घेऊ नका. एक आउटपुट दोन ठिकाणी वाटणं चालतं, पण दोन आउटपुट एकमेकांना थेट जोडली की दोन्ही एकमेकांवर जोर लावतात, आवाज पडतो किंवा फाटतो. दोन चॅनल एकत्र करायचेच असतील तर ते सॉफ्टवेअरमध्ये करा.

आणखी एक चूक मी दोघातिघांकडे पाहिली आहे. चित्र यूएसबीच्या डिव्हाइसमधून, आणि आवाज मात्र लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून आत घ्यायचा. त्या भोकातला माईकचा भाग मोनो असतो आणि माईकच्या क्षीण आवाजासाठी बनलेला असतो. व्हीसीआरचा दणदणीत आवाज त्यात घातला की एक बाजू जाते आणि उरलेली फाटते. आवाज कॅप्चर डिव्हाइसमधूनच घ्या.

संगणकाची बाजू

ईझीकॅप नावाने मिळणारी यूएसबी डिव्हाइस बाहेरून जुळी भावंडं दिसली तरी आतल्या चिप वेगवेगळ्या असतात. काही दोन्ही चॅनल नीट घेतात, काही एकच पकडतात. तुमचं कुठलं ते वरच्या अदलाबदलीने कळतंच. एकच पकडणारं निघालं तरी ते फेकायची गरज नाही. कॅसेट मोनो असेल तर त्याच चॅनलमध्ये सगळं काही येतं.

विंडोजमध्ये आवाजाच्या सेटिंगमधल्या रेकॉर्डिंगच्या यादीत कॅप्चर डिव्हाइस शोधा. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डखाली दोन चॅनल, १६ बिट, ४८००० हर्ट्झ असं निवडा. लेव्हल्समध्ये बॅलन्स नावाचं बटण असेल तर डावा-उजवा आकडा सारखा आहे ना ते बघा. तो एका बाजूला शून्यावर बसलेला मी एकदा प्रत्यक्ष पाहिलाय.

ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर आवाजाच्या मीटरकडे लक्ष ठेवा. दोन पट्ट्यांपैकी एकच नाचत असेल तर वेळीच थांबा. ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये त्या सोर्सपुढे "मोनो" अशी चौकट आहे. तिच्यावर टिचकी मारली की दोन्ही कानांत सारखा आवाज येतो. पण ओबीएस दोन्ही चॅनलची सरासरी काढतं. एका बाजूला शून्य असेल तर उरलेला आवाज निम्मा होतो, म्हणजे सहा डेसिबलने खाली येतो. त्याच यादीतला व्हॉल्यूम तेवढा वाढवून घ्या. आणि मुक्या बाजूला खरखर किंवा गुणगुण असेल, तर तीही सरासरीत मिसळते. म्हणून वाय जोड मिळत असेल तर तोच बरा.

आवाजाची पातळी ठरवताना कॅसेटमधला सगळ्यात मोठा प्रसंग शोधा. मुंजीत तो वाजंत्रीचा असतो, लग्नात बँडचा. तिथे मीटर उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ नये. गुरुजींच्या पुटपुटण्यावर पातळी लावलीत तर बँड आल्यावर सगळं फाटेल, आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

आधीच उतरवलेल्या फायली

कॅसेट आणि यंत्र दोन्ही हाताशी असतील तर मी पुन्हा उतरवायला सांगेन. पण कॅसेट आता उरली नसेल, किंवा शहरातल्या कुठल्या दुकानातून करून आणलेली सीडी-डीव्हीडीच तेवढी असेल (आमच्या ताईच्या लग्नाची अशीच एककानी डीव्हीडी आली, आणि दुकानदार म्हणाला, "ओरिजिनल में ही ऐसा है"), तर फाईल सुधारता येते.

नियम एकच: मिसळू नका, कॉपी करा. चांगला चॅनल उचलायचा आणि मुक्या चॅनलच्या जागी त्याचीच प्रत ठेवायची. मिक्स केलं की आवाज घटतो आणि मुक्या बाजूचा कचरा चांगल्यात मिसळतो.

नवख्यांसाठी शॉटकट हे मोफत सॉफ्टवेअर सोपं. क्लिप टाइमलाइनवर घ्या, फिल्टर्समध्ये "कॉपी चॅनल" शोधा, डावीकडून उजवीकडे की उलट ते निवडा, एक्स्पोर्ट करा. तोटा हा की एक्स्पोर्ट करताना चित्रही पुन्हा दाबलं (कॉम्प्रेस केलं) जातं आणि थोडं उतरतं. नातेवाइकांना पाठवायच्या प्रतीसाठी चालेल, जपून ठेवायच्या प्रतीसाठी नाही.

दाविंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी क्लिपवर उजवी टिचकी मारून क्लिप ॲट्रिब्यूट्स उघडावं, ऑडिओच्या पानावर डाव्या आणि उजव्या दोन्ही ठिकाणी पहिला चॅनल निवडावा. प्रीमिअरमध्ये "फिल राइट विथ लेफ्ट" नावाचा तयार इफेक्टच आहे.

चित्राला धक्का न लावता काम करायचं तर एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर. काळ्या खिडकीत एक ओळ लिहावी लागते म्हणून लोक घाबरतात, पण त्या ओळीत सांगायचं फार थोडं असतं: चित्र जसंच्या तसं कॉपी कर, आणि आवाजाला पॅन नावाचं फिल्टर लावून दोन्ही चॅनल पहिल्यातूनच घे. तासाभराची फाईल यात एकदोन मिनिटांत होते, कारण चित्राला कुणी हातच लावत नाही. कॉपी हा शब्द विसरलात तर मात्र चित्र पुन्हा दाबलं जाईल.

आवाज जरा निगुतीने साफ करायचा असेल तर तो वेगळा काढून ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये न्या. ट्रॅकच्या नावावर टिचकी मारून "स्प्लिट स्टिरिओ टू मोनो" निवडा, मुका ट्रॅक खोडा, उरलेला मोनो ट्रॅक दोन्ही कानांत वाजतो. इथे एक पथ्य पाळा: सुरुवातीची शांतता निरुपयोगी वाटली तरी कापू नका. ती कापली की चित्रावर परत बसवताना गुरुजींचे ओठ आणि मंत्र यांची ताटातूट होते.

घाई करू नये अशी दोन प्रकरणं

पहिलं. दोन्ही बाजूंना आवाज आहे, पण वेगवेगळा. एका बाजूला लाउडस्पीकरवरून घेतलेलं भाषण आणि दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याच्या माईकमधली मंडपातली कुजबुज. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांच्या चित्रणात मला हे भेटलंय. तिथे एक चॅनल दुसऱ्यावर कॉपी केला तर अर्धी संध्याकाळ पुसली जाते. आधी दोन्ही चॅनल वेगळे, पूर्ण ऐका. मूळ फाईल तशीच ठेवा आणि पाठवायच्या प्रतीत दोन्ही प्रमाणात मिसळा. मिसळल्यावर बोलणं अचानक पातळ किंवा पोकळ झालं तर दोन चॅनल एकमेकांना खोडत आहेत असं समजा. ऑडॅसिटीत एका चॅनलला "इन्व्हर्ट" लावून पुन्हा मिसळून पहा. तरीही पोकळच राहिलं तर मिसळणं सोडा आणि जो चॅनल स्वच्छ आहे तो घ्या.

दुसरं प्रकरण माझं लाडकं. लग्नाच्या कॅसेटींत शूटिंगवाले मागाहून सिनेमाची गाणी भरत. ही गाणी बरेचदा ऑडिओ डबने (चित्र तसंच ठेवून नुसता आवाज बदलण्याच्या सोयीने) भरलेली असत, आणि ऑडिओ डब फक्त कडेच्या साध्या पट्टीवर होतो. हायफायचा आवाज चित्राच्या खाली असतो, चित्र न पुसता तो बदलता येत नाही. म्हणजे मूळ कॅसेट हायफाय कॅमेऱ्यावर घेतलेली असेल आणि तीच तुमच्या हाती असेल, तर हायफाय व्हीसीआरवर आउटपुट "हायफाय"वर ठेवून पहा. वर गाणं असलं तरी खाली लग्न शाबूत असू शकतं. आमच्या एका कॅसेटमध्ये वीस मिनिटं सनई आणि सिनेमाची गाणी होती. बटण फिरवल्यावर आजोबा कुणाला तरी ओरडताना ऐकू आले, "अरे, त्या पंख्याखालून जिलबीची परात उचला." हे बटण "मिक्स"वर असेल तर गाणं आणि लग्न एकत्र येतं, म्हणून दोन्ही वेगळे उतरवून ठेवा. एडिट करून दिलेल्या दुसऱ्या पिढीच्या कॅसेटीत मात्र हे मिळेलच असं नाही, कारण ती प्रत काढतानाच आवाज बदललेला असतो.

हायफाय वाजवताना आवाज फडफडत असेल, मध्येच बारीक होऊन पुन्हा मोठा होत असेल, तर ट्रॅकिंग (टेपवरच्या रेघा हेडशी जुळवायचं बटण) हळूहळू फिरवा. सिग्नल कमी पडला की यंत्र आपोआप कडेच्या पट्टीवर उडी मारतं आणि परत येतं. ट्रॅकिंगने जमलं नाही तर आउटपुट "नॉर्मल"वर कायम करा. एकसारखा मंद आवाज हा सारख्या बदलणाऱ्या आवाजापेक्षा ऐकायला बरा.

पाठवण्याआधी

फाईल तयार झाली की इअरफोनचा फक्त उजवा बोंड कानात घालून सुरुवात, मध्य आणि शेवट ऐका, मग फक्त डावा घालून तेच करा. आमच्या घरी याला आता आत्याची परीक्षा म्हणतात.

उतरवलेली मूळ फाईल आणि दुरुस्त केलेली फाईल दोन्ही ठेवा, नावात "मूळ" आणि "दोन्ही कान" असं लिहून. डीव्ही स्वरूपात तासाला साधारण १३ जीबी लागतात, म्हणून दोन्हींसाठी मिळून जागा आधीच मोजून घ्या. वाय जोड व्हीसीआरलाच लावून ठेवा आणि वर चिकटपट्टी मारा, नाहीतर पुढच्या कॅसेटच्या वेळी तो कुठल्या तरी खणात सापडतो.